आईच्या हातची चव

आई गेल्यानंतरच्या पहिल्या वसंतात वाफ्यातला लेट्यूस तरारून आला आणि लेकीने पदर खोचला. पानं धुऊन, निथळून तयार होती. अडलं होतं ते सॅलडवर घालायच्या आईच्या ड्रेसिंगपाशी. घट्ट दही, साय, मोहरीची पूड, लिंबू, ठेचलेला लसूण, सगळं घालून झालं. ओट्यावर वाट्यांची रांग लागली, पण ती चव काही हाती लागेना.

"बाबा, तुम्हीच चाखून बघा आता. आई जाताना चवही घेऊन गेली वाटतं."

बाबांनी बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "कच्चा लसूण घातलास? तो आधी दुधात उकडायचा, मग ठेचायचा."

"हे कोण बोलतंय! जन्मात कधी गॅस पेटवलात का तुम्ही?"

बाबा बाह्या सरसावत ओट्यापाशी आले.



"अगं, तू उठायच्या आत मीच करून ठेवायचो ते. बाबांनी केलंय म्हटलं की तू ताट सरकवायचीस, म्हणून तुझ्या आईने ते जन्मभर स्वतःच्या नावावर खपवलं."