दंडावरचा निळा डाग

आजीने नातीची बाही वर सरकवली. दंडावर निळाजांभळा डाग होता, चांगला मुठीएवढा.

"हे काय गं?"

"जिन्यात पडले," नात म्हणाली आणि बाही खाली ओढायला लागली.

"सायकलवरून पडली, आई. बर्फ लावलाय मी," स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला.

डाग एक आणि उत्तरं दोन. आजीने नातीच्या पाठीवरून हात फिरवला. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला मुलाच्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. आज फक्त ओल दिसली.

नातीची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ही सून चार महिन्यांपूर्वी आली. तेव्हापासून आजी अधूनमधून, काहीही न कळवता, भाजीची पिशवी घेऊन टपकायची. भाजी हे निमित्त. घरात पाऊल टाकलं की ती आधी नातीचे गाल बघायची, मग हात, मग ताट. उभा जन्म वाचनालयात बसून तिने मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या होत्या. सावत्र आई कशी ओळखायची, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. राजवाड्यातल्या, झोपडीतल्या, कजाग, गोडबोल्या, सगळ्या प्रकारच्या सावत्र आया तिला तोंडपाठ होत्या. सुधारलेली एकही तिच्या वाचनात आली नव्हती.

त्यामुळे सुनेचं काही खरं नव्हतं. तिने नातीला जास्त वाढलं, तर ते आजीला दाखवायला. कमी वाढलं, तर मनातलं बाहेर आलं. नात तिला 'माई' म्हणायची. आजीचं म्हणणं, आई म्हणवून घेत नाही, कारण माया नाही. आई म्हणवून घेतलं असतं तर आजी काय म्हणाली असती, ते वेगळं सांगायला नको. मागच्या महिन्यात नातीचे लांब केस एकदम खांद्यापर्यंत आले. "शाळेतून उवा आणल्या होत्या," सून म्हणाली. आजीने मान डोलावली आणि घरी गेल्या गेल्या शेजारणीला सांगितलं, "बघा, केसांपासून सुरुवात झालीये."

आपल्या मुलाला आजीने कधी साधी टपलीसुद्धा मारली नव्हती. तो खेळताना पडला आणि गुडघा खरचटला, तर औषध शोधण्याआधी ती खिडकीबाहेर बघायची, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. अशा बाईला दंडावरचा मुठीएवढा डाग कसा पचणार?

ती उठली. नातीच्या खोलीत गेली. कपाटातून फ्रॉक काढले, दप्तर काढलं, आतले कपडे, मोजे, हाताला येईल ते बॅगेत कोंबलं.

"आजी, कुठे चाललोय आपण?"

"माझ्याकडे. राहायला. कायमचं."

नातीचा चेहरा पडला. सून दारात येऊन उभी राहिली. तिचे हात अजून ओलेच होते.

"आई, चार महिने तुम्ही माझ्या हातांकडे बघताय," ती म्हणाली. "एकदा तोंडाकडे बघा. मग खुशाल न्या तिला."

आजीने बघितलं नाही. असल्या बायकांना डोळ्यांत पाणी आणायला वेळ लागत नाही, हेही तिने वाचलेलं होतं.

मुलगा कामावरून आला तेव्हा बॅग दारात होती आणि मुलगी बॅगेवर बसून रडत होती. आजी एका खुर्चीत, सून दुसरीत. मधे टेबलावर कुणीही न प्यायलेला चहा. तो काही विचारणार, तेवढ्यात मुलीनेच सगळं सांगून टाकलं. माई तिला मागच्या गल्लीत सायकल शिकवत होती. सायकल म्हटलं की आजीचा जीव खालीवर होतो. तिला कळलं असतं तर सायकल त्याच दिवशी बंद झाली असती. म्हणून मुलीनेच जिन्याचं नाव घेतलं.

"खोटं मी बोलले, बाबा. माई नाही बोलली."

एवढ्यावर कुणाचंही समाधान झालं असतं. आजीचं झालं नाही. पोरीला पढवलं असणार, असं तिच्या मनाने लगेच घेतलं. तिने उठून बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

मुलाने बायकोला आणि मुलीला आत पाठवलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

"आई, ठेव ती बॅग."

"नाही ठेवणार. तुला नाही कळायचं यातलं. आज सायकल आहे, उद्या आणखी काही असेल. सावत्र ती सावत्रच, बाळा. तिने जीव ओवाळून टाकला ना, तरी ती कधी आई होत नाही."

शेवटचे शब्द बोलताना आजीचा आवाज कापला. मुलगा जवळ आला. त्याने तिच्या बोटांतून पट्टा हळूच सोडवला आणि आत कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला,

"मला शाळेत असतानाच कळलं होतं, आई. तुला कधी बोललो नाही, एवढंच. सावत्र कधी आई होत नाही, तर मग तू माझी कशी झालीस?"