पानशेपटी

बाटलीतल्या स्पिरिटमध्ये पाल निपचित पडली होती. तिची शेपटी पिंपळपानासारखी रुंद आणि चपटी होती. सह्याद्रीतल्या कुठल्याच पालीला अशी शेपटी नाही, म्हणजे जात नवी. तरी माझं मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळपासून चार वेळा भिंगाखाली खवले मोजले, बोटांखालच्या पट्ट्या मोजल्या. सगळं नेहमीच्या जातीशी जुळत होतं. वेगळी होती ती फक्त शेपटी.

संध्याकाळपर्यंत शोधनिबंध पाठवायचा होता. नावही ठरलं होतं. जिच्या काजूच्या बागेतल्या खोपीत पाल सापडली, त्या भागीरथीकाकीचं. एका जागी बसवेना, म्हणून बाटली घेऊन तिच्याकडेच गेले.

काकीनं डोळे बारीक करून पाहिलं. "अगो, ही तर आमची खुळी! रोज दिव्यापाशी यायची."

"काकी, अशी शेपटी आपल्याकडच्या कुठल्याच पालीला नाही."

"नसेलच. हिची शेपटी मांजरानं तोडली गणपतीत. मग ही अशी फताडी फुटली. आधी होती की सगळ्यांसारखीच."

तुटलेली शेपटी पुन्हा येते आणि पहिल्यासारखी येत नाही, हे मी दर वर्षी कॉलेजच्या मुलांना शिकवते. त्यांच्या पेपरात विचारतेसुद्धा.

काकीनं बाटली उजेडात धरून हलवली. पाल तशीच कलंडली. काकीचं हसू मावळलं.

"मारलंस हिला? कशासाठी गो?"

"नाव द्यायला," मी म्हटलं. "तुझं."