बुटकी रोपं

२०२३ सालच्या आषाढातला रविवार. विजयनगरमधल्या रघूच्या नर्सरीत भागीरथीबाई मुलाचा, अर्जुनचा, हात धरून शिरल्या आणि आत पाऊल पडताच त्यांनी तो हात सोडला.

"आई, खाली पाइप आहे."

"असू दे. ओलांडीन मी."

वय शहात्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि साखर उतरेपर्यंत डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. माणसं सावलीसारखी दिसायची, झाडं हिरव्या धुक्यासारखी. म्हणून गेल्या वर्षी अर्जुननेच वांग्या-मिरचीची रोपं निवडून आणली होती. गणपतीपर्यंत एकूणएक वाळली. मातीच मेली, असं त्याने ठरवलं आणि नजरबादच्या घरामागच्या हित्तलात, म्हणजे परसात, फरशी घालून गाडी उभी करायचा बेत केला. फरशीवाला उद्या सकाळी येणार होता.

"एकदा माझी मला निवडू दे," भागीरथीबाई म्हणाल्या होत्या. "निवड की," असं अर्जुन म्हणाला होता. फरशीवाल्याला मात्र त्याने 'येऊ नका' म्हटलं नव्हतं.

रघूने पुढच्या रांगेतलं एक वांग्याचं रोप उचललं. गुडघ्याएवढं उंच, जांभळी फुलं, एक छोटं वांगंही लोंबत होतं.

"हे न्या अम्मा. घरी पोचेपर्यंत भाजी तयार."

"हेच घेऊ," अर्जुन म्हणाला. "गेल्या वर्षी असलीच नेली होती. एकदम छान होती."

"छान होती तर मेली कशाने?"

"मातीने."

"रघू, पिशवी फाड बघू याची."

रघूने अर्जुनकडे पाहिलं, मग पिशवी फाडली. आत माती नव्हतीच जवळपास. तपकिरी मुळांचा नुसता गोळा, अंबाड्यासारखा गच्च गुंडाळलेला. भागीरथीबाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"या पिशवीतच गोल गोल फिरून म्हातारं झालंय. आता मोकळ्या मातीत पाय टाकायचं याला सुचणार नाही. वर अंग भरायच्या आधीच कडेवर पोर." त्यांनी ते लोंबतं वांगं टिचकीने हलवलं. "माझ्या मातीला नावं ठेवतोस होय?"

त्यांचे वडील इथल्याच राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. नवा घोडा आला की ते आधी त्याच्या पायांवरून हात फिरवायचे, खूर उचलून बघायचे. तोंड सगळ्यात शेवटी. सात-आठ वर्षांची भागीरथी शेजारी उभी राहून ते बघायची.

"ती मागची कुठली रे, जाळीखालची?"

"ती बुटकी आहेत अम्मा. कोणी विचारत नाही त्यांना."

"मी विचारते."

पालथ्या बादलीवर त्या बसल्या. एकेक रोप हातात येऊ लागलं. दोन बोटांत देठ धरायचं, जाड आहे का बघायचं. पान उलटून अंगठा फिरवायचा. पिशवीच्या तळाशी मुळाचं टोक लागतं का चाचपायचं. चांगलं ते उजवीकडच्या ट्रेमध्ये. नको ते डावीकडे, कानडीत "बेडा" म्हणत. अर्धा तास असाच गेला. उजवीकडे बारा झाली, डावीकडे तीसेक.

अर्जुन उभा होता. आई अंदाजाने ठोकतेय, असं त्याला वाटत होतं. ती पाणी प्यायला वळली, तेव्हा त्याने डावीकडचं एक रोप उचललं आणि उजवीकडच्या ट्रेमध्ये ठेवलं. तिथलं एक काढून पाठीमागे लपवलं. रघूने ते पाहिलं आणि मान फिरवली.

तांब्या खाली ठेवून भागीरथीबाईंनी मोजण्यासाठी ट्रेवरून हात फिरवला. एक, दोन, तीन. सातव्यावर हात थांबला. अंगठा पानाखाली गेला.

"हे परत कोणी आणलं?"

रघू पाइप गुंडाळायला लागला.

"खालून चिकट आहे हे. मावा बसलाय. मघाशीच टाकलं होतं मी." त्यांनी ते उचलून डावीकडे ठेवलं. "अर्जुना, परीक्षा घ्यायची तर चार-पाच तरी घालायचीस. एकाने काय होतंय?"

रघू मोठ्याने हसला. अर्जुनने लपवलेलं रोप ट्रेमध्ये ठेवलं आणि आईच्या बादलीशेजारी ओल्या मातीतच बसला.

"कसं कळतं गं तुला?"

"तुझा ताप कसा कळायचा? थर्मामीटर होता का घरात?"

अर्जुनने खिशातून फोन काढला.

"हां, नजरबादच्या फरशीसाठी बोलतोय. उद्या येऊ नका... नाही, परवा पण नको. येऊच नका."

भागीरथीबाई तोवर बोटं पुसून मिरचीच्या रोपांकडे वळल्या होत्या.

त्या दसऱ्यापर्यंत बारांतलं एकही रोप गेलं नाही. घरी वांगीभात झाला, गल्लीतल्या नऊ घरांत वांगी गेली, तरी झाडं वाकलेलीच. रघू अजूनही फुलं आलेली उंच रोपं पुढे मांडतो, कारण तीच खपतात. पण एखादी म्हातारी पान उलटून बघायला लागली की मुकाट्याने मागचा ट्रे आणतो. अर्जुनची गाडी रस्त्यावर उभी असते, दोन्ही बाजूंना ओरखडे आहेत. ऑफिसला निघण्यापूर्वी तो झाडांना पाणी घालतो.

भागीरथीबाईंची साखर उतरली आणि माघात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुसरी पट्टी सुटली त्या सकाळी त्या आधी हित्तलात गेल्या. एकेका झाडापाशी थांबून बघत राहिल्या.

"वाटली होती तश्शीच आहेत," त्या म्हणाल्या.

मग मागे वळून त्यांनी अर्जुनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच काय रे, इतका जाडा कधी झालास?"