सुलटा हँगर

"हे बघ मार्लिस, नव्या वर्षाला सगळे हँगर उलटे टांगायचे. घातलेला कपडा परत ठेवताना सुलटा करायचा. वर्षअखेर जो उलटाच राहील, तो चर्चला दान." नवी नवरी असताना ऐकलेला आर्विडचा तो आवाज मार्लिसच्या कानात अजून होता, आणि मिनेसोटातल्या त्यांच्या कपाटात कधी पसारा झाला नव्हता.

तळ्यावरचा बर्फ फुटून त्यांचा मुलगा डेल बुडून गेला, तेव्हापासून आर्विडने त्याचं नाव एकदाही काढलं नव्हतं. मुलाचं हॉकीचं जाकीट मात्र कपाटात राहिलं, कारण दर डिसेंबरात मार्लिस चोरून त्याचा हँगर सुलटा करी. यंदा खुब्याचं हाड मोडून ती ऑक्टोबरपासून खाटेला खिळली होती.

वर्षाच्या शेवटच्या सकाळी आर्विड पिशवी घेऊन कपाटापाशी गेला. एकेक हँगर दांडीवर खरखरत होता आणि मार्लिस पांघरुणाची किनार मुठीत आवळून ऐकत होती.

"तुझे तीन झगे निघाले बघ. हौसेनं घेतेस आणि घालत मात्र नाहीस," तो म्हणाला.

पिशवीला गाठ मारून तो बाजूला झाला. जाकीट जागेवरच होतं, सुलटं.

"मी नाही केलं ते," तिच्या तोंडून निसटलं.

"ठाऊक आहे. दरवर्षी तूच करतेस, तेही ठाऊक आहे." तो खाटेच्या कडेला टेकला. "यंदा मी घातलं होतं."



मग खिडकीकडे बघत म्हणाला, "डेलच्या बाह्या मला अजून लांबच होतात गं."