कड फाटलेली भाकरी

शाळेने दिलेली, झोपेत शिकवणारी टिकली कानामागे लावून शर्वाणी झोपली आणि सकाळी तिला भाकरी करता येत होती. पोहणं, पाढे, सायकल, सगळं असंच झोपेत आलं होतं. तिचे बाबा, मुकुंद, खट्टू झाले. त्याला त्याच्या आईने हात धरून भाकरी थापायला शिकवली होती. लेकीला निदान एवढं तरी आपण शिकवू, अशी त्याची फार आस होती.

शर्वाणीची पहिलीच भाकरी टम्म फुगली. मुकुंद थापायला बसला, तर कड फाटली.

“अहो बाबा, असं नाही!” तिने आपले पिठाळ हात त्याच्या हातांवर ठेवले आणि परातीत भाकरी हळूहळू फिरवली.

मुकुंदने लगेच दुसरा गोळा घेतला. या वेळी कड त्याने मुद्दाम फाडली.