गावातच मिटलं

“पोर शेवटपर्यंत शुद्धीत होती,” गोजराबाई म्हणाली आणि पुरीचा तुकडा भाजीत बुडवला. “आईला बोलवा, आईला बोलवा, एवढंच चाललं होतं तिचं.”

विमलाबाईचा हात ताटातच राहिला.

जिल्ह्यातल्या सरपंचांची वार्षिक परिषद होती. नाशिकच्या सभागृहामागे मांडव घातला होता आणि जेवायला या दोघी सरपंच शेजारी शेजारी बसल्या होत्या. ओळख तेवढ्यापुरतीच. गोजराबाईनं आपलं गाव सांगितलं तेव्हाच विमलाबाईनं ते ओळखलं होतं. सायखेड्याच्या पलीकडचं, गोदाकाठचं ते गाव. तिची थोरली लेक छाया तिथंच दिली होती, आणि चार वर्षांपूर्वी स्टोव्हचा भडका होऊन तिथंच गेली होती. गोजराबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. विमलाबाईनं आपण कोण ते सांगितलं नाही. तुमच्याकडं मागं एक सून भाजली होती ना, एवढंच तिनं विचारलं होतं.

“मी तर ऐकलं, जागच्या जागी गेली.”

“कशाची जागच्या जागी? इथं नाशकातच दवाखान्यात दिवसभर होती. सासूनं रॉकेल ओतलं, नवऱ्यानं बाहेरून कडी घातली, समदं सांगत होती. जबाब घेणारा यायच्या आत गेली, ते एक बरं झालं.” गोजराबाईनं मठ्ठ्याचा घोट घेतला. “मी तवा नवीन सरपंच. म्हटलं, पैल्याच वर्साला गावात पोलीस नको. माणसं बसवली. स्टोव्ह म्हणायचं ठरलं. गावातलं गावात मिटलं.”

तो दिवस विमलाबाईला जसाच्या तसा आठवत होता. नवरा, धोंडीराम, सकाळीच टोमॅटो घेऊन मार्केटला गेला होता. दिवेलागणीला त्यानं जीप धाडली. विमलाबाई नदीकाठी चितेपाशी पोचली तेव्हा छाया नखशिखांत गुंडाळलेली होती. “तोंड बघू नको,” धोंडीराम म्हणाला होता. “जागच्या जागी गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही.” काही कळलं नाही. त्या एवढ्याशा आधारावर विमलाबाईनं चार वर्षं काढली होती. भाकरी थापताना, वाफे खुरपताना ती स्वतःला तेच सांगायची.

आणि पोर दिवसभर हाका मारत होती. या शहरात, जीपनं तासाभरावर. म्हणजे त्या लोकांनी आपल्या दोघांनाही फसवलं, तिच्या मनात आलं. धोंडीरामलाही.

तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय होणार होतं? गोजराबाई सावध झाली असती, आणि मग ही गोष्ट पुन्हा कुणाला कळली नसती. विमलाबाईनं हात धुतले. पदरानं तोंड पुसलं. दुपारच्या सत्रात गावोगावचे तंटे कसे मिटवले ते सरपंचांनी सांगायचं होतं. व्यासपीठावर पोलीस खात्याचे मोठे साहेब येणार होते.

“आक्का,” ती म्हणाली, “हे तुम्ही माईकवर सांगा. बाई गाव कसं सांभाळती ते साहेबलोकांना कळू द्या.”

गोजराबाई लाजली. “मला नाय जमायचं, बाई.”

“जमंल. मी समोरच बसते. माझ्याकडं बघून बोला.”

सरपंच झाल्यापासून विमलाबाई स्वतः कधी माईकपाशी गेली नव्हती. बोलायचं ते धोंडीराम बोलायचा. आज मात्र तो सकाळपासून आत आला नव्हता. इतर बायांच्या नवऱ्यांबरोबर बाहेरच घुटमळत होता.

गोजराबाईचं नाव पुकारलं गेलं. ती आधी चाचरली. मग बांधाचं भांडण सांगितलं, टाळ्या पडल्या. पाण्याच्या पाळीचं सांगितलं, पुन्हा टाळ्या पडल्या. तिचा आवाज मोकळा झाला. तिनं समोर पाहिलं. विमलाबाईनं मान हलवली.

मग गोजराबाईनं सुनेचं सांगितलं. रॉकेल, कडी, दवाखाना, स्टोव्ह. काही लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबवल्या. पोलीस खात्याचे साहेब खुर्चीत पुढं सरकले.

“बाई, मुलीच्या माहेरचं कुणी तक्रार करायला आलं नाही?”

याच प्रश्नासाठी विमलाबाई बसून होती. ती उभी राहिली. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच आपण छायासाठी काही करतोय असं तिला वाटलं. आत्ताच मागच्या दारात आलेला धोंडीराम दोन्ही हातांनी तिला खाली बस, खाली बस, अशा खुणा करत होता. भितोय बिचारा, तिला वाटलं. कोर्टकचेरीला भितोय. ती बसली नाही.

“साहेब,” ती म्हणाली, “मी त्या पोरीची…”

पण तिच्याकडं माईक नव्हता. माईक गोजराबाईच्या हातात होता, आणि साहेबांनी विचारलं त्याचं उत्तर तिला द्यायचं होतं. खुणा करणाऱ्या माणसाकडं तिची नजर गेली आणि तिचा चेहरा ओळख पटल्यासारखा उजळला.

“नाय साहेब, तक्रार कशाची? हे काय, पोरीचा बाप दारातच उभा हाय, इचारा त्यांना. दिवसभर उशाशी बसून होते. त्यांनीच हात जोडले आमाला, धाकटीचं लगीन जमत आलंय, हिचं मिटवून टाका म्हणून. आन म्हणाले, हिच्या आईला तेवढं कळवू नका. ती मिटू द्यायची नाय.”