खडूच्या रेषेच्या आत

"चौदा!" मोजणीवर नेमलेल्या तोइवोने सांगितलं आणि हॉलभर हशा पिकला.

मेमी लाउनीने स्वतः पुन्हा मोजलं. तिच्यासकट चौदाच. १९५२ सालचा तो रविवार. ब्यूट गावच्या खाणकामगारांच्या हॉलमध्ये कामगार-शेतकरी पक्षाची माणसं राष्ट्राध्यक्षपदाचा आपला उमेदवार ठरवायला जमली होती. पद्धत जुनीच. चिठ्ठी नाही, पेटी नाही. जमिनीवर खडूने कोपरे आखायचे आणि ज्याला जो उमेदवार हवा, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. घंटा वाजेल तेव्हा ज्या कोपऱ्यात पंधरा माणसं नसतील, तो कोपरा पुसायचा. उमेदवाराचा निकाल लागला.

मेमीची उमेदवार होती एडना व्हिटलॉक, आजारी कामगारांना नि त्यांच्या विधवांना पेन्शन मागणारी डाकोटाची शेतकरीण. समोर, आधी मजुरी वाढवा म्हणणाऱ्या हॅरल्ड ग्राइम्सच्या कोपऱ्यात साठ माणसं दाटीवाटीने उभी होती. त्यांचा म्होरक्या डिनी लाउनी, मेमीचा नवरा.

"अगं, एकच तर हवाय!" तो तिथून ओरडला. "त्या टेबलावरच्या खिम्याच्या पेस्टीला टोपी घाल नि उभी कर!"

"तुमच्या साठांत डोकी किती, ते मोज आधी!"

"भांडा, भांडा," दाराजवळच्या कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. तिथे मोठ्या पक्षाला पाठिंबा द्या म्हणणारे वीसेक जण होते. "तुम्ही भांडा आणि तिकडे त्या दुसऱ्या पक्षाचे जनरलसाहेब निवडून येऊ देत. मोठ्या पक्षाने उभा केलेला तो जज्ज काय वाईट आहे?"

"कमी वाईट आहे, एवढंच ना?" मेमी कडाडली. "मागच्या खेपेला असेच घाबरलो असतो तर नऊ राज्यं जिंकली असती का रे?"

या एका वाक्याला मात्र समोरच्या साठांनीही टाळ्या पिटल्या. डिनीने तर शिट्टी मारली. लगेच भानावर येऊन म्हणाला, "पण जिवंत माणसाला आधी मजुरी! विधवांचं मागाहून बघू."

"पाच मिनिटं!" तोइवो ओरडला. "वाचन!"

हीदेखील हॉलची जुनी रीत. एका कोपऱ्याचा ठराव समोरच्या कोपऱ्याच्या म्होरक्याने वाचायचा, म्हणजे ऐकलंच नाही असं म्हणायची सोय नाही. मेमीने ग्राइम्सचा ठराव खणखणीत वाचला, एक शब्द गाळला नाही. मग डिनी मंचावर चढला. कागद लांब धरून त्याने पाद्र्यासारखा हेल काढला.

"'खाणीत राबून ज्याच्या फुप्फुसात धूळ साचली...'"

लोक खो-खो हसले. डिनीला चेव आला.

"'...त्याला काम सुटल्या दिवसापासून, आणि त्याच्या पश्चात त्याच्या बायकोला...'"

तिथे त्याला खोकला आला. त्याने थांबा म्हणून बोट वर केलं, छातीवर मूठ आपटली आणि पुन्हा सुरुवात केली. "'त्याच्या बायकोला...'" खोकला थांबेना. हसणं विझत गेलं. असा खोकला त्या हॉलमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा होता. कुणाच्या बापाचा, कुणाच्या भावाचा.

"सर्दी आहे," डिनी कसाबसा म्हणाला.

मेमीने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि ती रेषेबाहेर पडली.

"मेमी!" तोइवो किंचाळला. "एक मिनिट राहिलंय! तू बाहेर म्हणजे तेरा!"

"मग तेरा लिही!"

डिनीने तिला येताना पाहिलं. बोलता येत नव्हतं म्हणून त्याने दोन्ही हात हलवले. मागे, मागे जा! ती ऐकेना. तेव्हा तो धडपडत मंचावरून उतरला, तिचा दंड धरला आणि सगळ्या हॉलच्या देखत तिला ओढत तिच्या कोपऱ्याकडे निघाला. अर्धं पाणी वाटेत सांडलं. तिला आत ढकललं, स्वतः तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि उरलेलं पाणी घटाघटा प्यायला.

घंटा झाली.

तोइवो बोट नाचवत मोजत आला. चौदापाशी थांबला.

"डिनी, तुझे बूट रेषेच्या आत आहेत."

"लेका, इकडे ये! चुकून गेलास!" ग्राइम्सवाले ओरडू लागले.

डिनीने खाली बुटांकडे पाहिलं. हातातला ओला कागद त्याने मेमीला दिला.

"पुढचं तू वाच," तो म्हणाला.

"पण डिनी, मी आकडा काय लिहू?" तोइवोने विचारलं.

"मोज की."